चिंचेनं घासलेला कॅमेरा

माझ्या हातून वडिलांचं लाखभराचं नुकसान झालं, हे धारपासून देवासपर्यंतच्या आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. ते कसं झालं हे जो तो आपापल्या परीनं मीठमसाला लावून सांगतो. म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकावं. निदान चिंच किती घेतली होती ते तरी बरोबर येईल.

वडिलांना मी दादा म्हणते. धारला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या गावाची लग्नं आणि उरलेल्या अर्ध्याचे पासपोर्ट फोटो त्यांनीच काढले. आई गेल्यावर ते स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांत एकटेच राहायचे. मी एकुलती एक, आणि लग्नानंतर देवासला. आमचे हे इथल्या एका कारखान्यात होते, आता निवृत्त. गेल्या उन्हाळ्यात दादा स्टुलावरून पडले आणि मनगट मोडून घेतलं. वय ब्याऐंशी, आणि माळ्यावरचं काय हवं होतं तर जुना पंचांगाचा गठ्ठा. शेजाऱ्यांनी फोन केला तेव्हा मला कळलं. त्या दिवसापासून माझं एकच पालुपद सुरू झालं, की दादा, आता देवासला चला.

पण दादांचा नियम आडवा यायचा. लेकीच्या घरी फुकट जेवायचं नाही. आमचे पुण्याकडचे नातेवाईक हे ऐकून हसतात, कारण तिकडे हे कधीच संपलं. पण आमचे पूर्वज मराठ्यांच्या दरबाराबरोबर माळव्यात आले तेव्हा जे बांधून आणलं ते आम्ही अजून सोडलेलं नाही, आणि इथल्या शेजाऱ्यांच्या चार रीती त्यात आणखी कोंबल्या. दादा देवासला यायचे ते इंदूरला बस बदलून, पिशवीत स्वतःचा डबा घेऊन. माझ्या घरी बसून स्वतःच्या पोळ्या खायचे. चहा घेतलाच तर कपाखाली नाणं ठेवायचे. माझ्या संतापाला पारावार राहायचा नाही. मी ते नाणं त्यांच्या खिशात कोंबायची, ते निघताना पुन्हा फ्रीजवर सापडायचं.

शेवटी त्यांनी अट घातली. "कॅमेरा विकतो. त्या पैशात तुझ्या गच्चीवर माझी खोली बांधतो. माझी खोली असली म्हणजे मी तुझ्या घरी राहतो असं होणार नाही."

हे तर्कट कुणाला पटो न पटो, मला पटवून घ्यावंच लागलं. म्हणजे सगळं त्या कॅमेऱ्यावर येऊन ठेपलं. कॅमेरा विकला तर दादा येणार, नाही तर पुन्हा स्टूल आणि पुन्हा शेजाऱ्यांचा फोन.

कॅमेरे दोन होते. एक आजोबांचा पत्र्याचा डबडा, पेटीसारखा. दुसरा काळा, लहान, वजनदार, जर्मन. तो दादांनी तरुणपणी महूच्या एका फौजी डॉक्टरकडून घेतला होता. दादांच्या मते डबडा जास्त मोलाचा, कारण तो जास्त जुना. जुनं ते सोनं, ही म्हण दादा कुठंही लावतात, माठाला, वैद्याला आणि स्वतःलाही.

आमच्या ह्यांनी ओळखीतून इंदूरचा एक माणूस शोधला. तिशीचा असेल, जुने कॅमेरे घेतो-विकतो. रविवारी धारला येतो म्हणाला. मी शनिवारीच धार गाठलं, आणि इथंच माझं डोकं चाललं.

काळ्या कॅमेऱ्याकडे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. कडांचा काळा रंग उडून खालचं पितळ दिसत होतं. फटींमध्ये कुंकू. दादा दर खंडेनवमीला त्याची पूजा करायचे, वर गंधाचं बोट लावायचे, नेमकं जिथं बारीक आकडे कोरले होते तिथं. पन्नास-साठ नवम्यांचं गंध तिथं थापून बसलं होतं. मी म्हटलं, हा माणूस काय म्हणेल? घरात बाईमाणूस नाही म्हणून वस्तूची ही दशा?

दादा शनिवारचे मारुतीला गेले होते. मी लिंबाएवढी चिंच भिजवली, मीठ घातलं, रांगोळी घेतली आणि जशी समई घासतात तसा कॅमेरा घासायला बसले. आत पाणी जाऊ दिलं नाही, एवढी अक्कल होती. काचेला बोट लावलं नाही. पण बाहेरून रंग निघायला लागल्यावर मला चेव चढला. पितळ आहे ना, मग सगळंच दिसू दे. कोपऱ्यात थोडा रंग हट्टानं बसला होता, त्याला नारळाची शेंडी लावली. तासाभरात कॅमेरा देवघरातल्या तांब्याशेजारी ठेवला तर ओळखू येईना कोण कोण आहे.

दादा आले, बघतच राहिले. मग म्हणाले, "नवरीसारखा दिसतोय." त्यांना फोटो कळायचे, बाजार कळत नव्हता. आम्ही दोघांनी त्या रात्री पिठलं-भात खाल्ला आणि गच्चीवरच्या खोलीला खिडकी पूर्वेला ठेवायची की उत्तरेला यावर वाद घातला.

रविवारी तो आला. आल्या आल्या मला आंटी म्हणाला, तेव्हाच माझ्या मनातून उतरला. इंदूरचाच, घरात मराठी, पण शाळा हिंदीत झालेली, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत सोडून द्यायचा. दादांनी आधी डबडा पुढे केला. त्यानं तो दोन बोटांनी बाजूला सारला.

"अंकल, हे तर हर दूसरे घर में निकलता है. जुना आहे, पर लाखों बने थे."

"माझ्या वडिलांचा आहे तो," दादा म्हणाले.

"हव, पण नुसतं जुनं असून नाही चालत. किती बने, कौन से साल में बने, आणि आज हालत कशी आहे, हे तीनों बघतात."

दादांचा चेहरा पडला. जुनं ते सोनं खोटं ठरल्याचं दुःख त्यांना डबड्यापेक्षा जास्त झालं असावं. मी घाईनं आतून दुसरा कॅमेरा आणला आणि वरचा रेशमी रुमाल काढला. खण आणि सुपारी तेवढी ठेवायची राहिली होती.

त्या माणसानं कॅमेरा उचलला, फिरवला, उजेडात धरला. मग अगदी हळू विचारलं, "ये किसने किया?"

"मी," मी अभिमानानं म्हटलं. "चिंचेनं."

तो खुर्चीत बसला. त्याला पाणी द्यावं लागलं. मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझ्याच तोंडचं पाणी पळालं. ह्या जातीचे कॅमेरे चंदेरी रंगाचे ढिगानं निघाले, काळे मोजके. काळा रंग वापरून वापरून कडेला उडतो आणि पितळ डोकावतं, त्याच्यावर शौकीन लोक जीव टाकतात. तो रंग कंपनीचा असावा लागतो. नवा लावला तरी किंमत जाते, आणि पुसून टाकला तर बोलायलाच नको. आकडे वाचून साल सांगता आलं असतं, पण त्या खाचांत आता गंध आणि रांगोळी घट्ट बसली होती.

मग त्यानं कॅमेरा कानाशी धरून एकेक खटका दाबला. काचेतून आरपार पाहिलं. पुन्हा दाबला. "अंकल, भीतर से तो एक नंबर आहे. बुरशी नाही, सगळे खटके बरोबर. कसं ठेवलं?"

दादा दर रविवारी रिकाम्या कॅमेऱ्याचे सगळे खटके चालवायचे आणि मग तो भाजलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवायचे. ते त्यांनी सांगितलं. तो दादांच्या पायाच पडला. पण भाव सांगितला तो घासण्याआधीच्या भावाच्या चौथ्या हिश्श्याचा. वापरणारा कुणी घेईल म्हणाला, जमवणारा घेणार नाही.

त्या पैशात गच्चीवर खोली सोडा, पाण्याच्या टाकीचा चौथरा झाला असता. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. खरं सांगते, पैशासाठी नाही रडले. मीच माझ्या हातानं दादांना धारला खिळवून ठेवलं, तेही नारळाची शेंडी लावून. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

बाहेर दादांनी सौदा केला, पैसे घेतले, त्याला फाटकापर्यंत पोचवून आले. मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"नुकसान किती झालं ऐकलंस?"

मी मान हलवली.

"कुणी केलं?"

"मी."

"मग भरून कोण देणार? तुझ्याकडे रोख आहे का एवढी?"

"नाही दादा."

"म्हणजे मला जेवून वसुली करावी लागणार," ते म्हणाले. "दोन वेळचं. चहा धरून. माझी पांढरी बॅग माळ्यावर आहे. तू काढ, मला स्टुलावर चढायला मनाई आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. पासपोर्टच्या फोटोला बसवायचे ना लोकांना, तसा चेहरा.

दादा आमच्याकडे राहायला आले. डबा नाही, कपाखाली नाणं नाही. कॉलनीत महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली घरं बरीच, कुणी विचारलं, काय लेकीकडे का, तर ताठ मानेनं म्हणायचे, "वसुलीला आलोय." श्रीखंड असलं की म्हणायचे, आज चांगली वसुली झाली. कारल्याच्या दिवशी म्हणायचे, आज व्याजसुद्धा सुटलं नाही.

चार महिन्यांनी इंदूरहून फोन आला. मी कणीक मळत होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. दादा बाहेर टेबलाशी ताटाची वाट बघत बसले होते.

"आंटी, वो नंबर पढ़ने में आ गया. सुईनं सगळं साफ केलं. पहिल्या खेपेचा आहे तो, एकदम शुरू का. असे काळे फार थोडे बने. पहिली खेप म्हटल्यावर लोक रंग गेलेला पण घेतात. मला खूप मिळाले. अंकलना मी कमी दिले, मन खातंय माझं. बाकीचे भेजता हूँ, त्यांचं पूर्ण नुकसान भरून निघेल."

माझे पिठाचे हात तसेच राहिले. इतका प्रामाणिक माणूस मी जन्मात पाहिला नव्हता आणि इतका राग मला कुणाचा आला नव्हता.

"भिया," मी आवाज खाली आणून म्हटलं, "ते पैसे तू ठेव. तुझी मेहनत आहे. आणि ह्या नंबरवर परत फोन नको करू." कोपरानं बटण दाबून फोन बंद केला आणि ताट घेऊन बाहेर गेले.

"कोण होतं?" दादांनी विचारलं.

"राँग नंबर."

दादांनी ताट पुढे ओढलं. "पुन्हा लागला तर सांग त्याला, म्हाताऱ्याची वसुली चालू आहे, मध्येच पैसे आणून घोळ घालू नकोस," ते म्हणाले. "आणि पोळी वाढ."