यंत्राच्या आवाजाआड

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा सासूबाई चांगल्या हिंडत्याफिरत्या होत्या. आमच्यात सासूला अत्ती म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. अत्ती घरात कानडी बोलायच्या, गल्लीत मराठी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. संक्रांतीनंतरच्या एका सकाळी भाकरी थापता थापता त्या परातीवरच कलंडल्या. उजवी बाजू गेली. बोलणं काही दिवसांनी परत आलं, जरा जड. पण उठणं गेलं ते गेलंच.

माझे यजमान टेंभुर्णीला शाळेत शिकवायचे, शनिवारी घरी यायचे. मामांचं सात रस्त्याजवळ कापडाचं दुकान. घरात दिवसभर मी आणि अत्ती. त्यांच्या अंगाखाली जुन्या लुगड्यांच्या घड्या असायच्या, त्या भिजल्या की काढायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. नळाला दिवसाआड पाणी. मला त्याचं काही वाटत नव्हतं. माहेरी मी आजोबांचं केलं होतं. पण अत्तींना वाटायचं. मी घडी ओढून काढत असताना त्या भिंतीकडं तोंड करायच्या आणि डाव्या हातानं डोळे झाकायच्या.

मग त्यांनी पूजा सोडली. आम्ही लिंगायत; गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज सकाळी पूजा करायची, मगच तोंडात घास घालायचा, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. मी विभूती, बेल घेऊन गेले तर म्हणाल्या, "नको. असल्या घाणीत पडून शिवाला हातात घेऊ व्हय मी? आन् तू तरी किती धुशील? लग्न करून हेच करायला आणलं का तुला?"

मामा दारात उभे राहून ऐकत होते. ते चपला घालून दुकानात गेले. तसे ते कमीच बोलायचे. अत्तींशी तर "पाणी दे" आणि "कुलूप लाव" याच्यापुढं त्यांचं काही बोलणं मी ऐकलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी हातगाडीवरून एक पांढरं पिंप घराशी आलं. कुठल्याशा गिरणीतले साहेब बदली होऊन चालले होते, त्यांचं कपडे धुवायचं यंत्र मामांनी विकत घेतलं होतं. असलं यंत्र आमच्या गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. आतमध्ये एक चक्र, वर कपडे पिळायला दोन रबरी लाटणी आणि ती फिरवायला दांडा. न्हाणीघरात ते बसवलं तेव्हा शेजारच्या बायका दाटी करून उभ्या राहिल्या. मामांनी अत्तींची खाट दाराजवळ सरकवली. बटण दाबल्यावर यंत्र एवढ्या मोठ्यानं घरघरलं की एक बाई "अगं बाई" म्हणत मागं सरली. पाणी गरगर फिरलं, लुगड्याच्या घड्या वरखाली होऊ लागल्या. अत्ती एका बाजूनं हसल्या.

"बरं हाय की," त्या म्हणाल्या. "यंत्राला कुटं घाण वाटतीया."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपणहून विभूती मागितली. त्यांच्या डाव्या तळहातावरच्या लिंगावर मी पाणी सोडलं. त्यांचे ओठ हलत होते. मामा चष्मा पुसत बाहेर गेले.

हे सुख काही आठवडेच टिकलं. आधी यंत्र खालून गळायला लागलं, मग मधूनच थांबायला लागलं. एके दिवशी मोटार घुमत राहिली आणि आतलं पाणी मात्र ढिम्म. पंखे दुरुस्त करणाऱ्याला मामांनी बोलावलं. त्यानं यंत्र आडवं पाडून उघडलं. "आतलं दातेरी चाक झिजलंय, शेठ. हितं मिळायचं न्हाय." त्यानं काहीतरी ठोकठाक करून दिलं, ते चार दिवस चाललं. पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, "आवाज करंल नुसतं. काम करायचं न्हाय."

मामांनी त्याला पैसे देऊन वाटेला लावलं. मग मला हळूच म्हणाले, "तिला सांगू नको. पुन्हा पूजा सोडील ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते न्हाणीत गेले, दार ओढून घेतलं आणि यंत्र चालू केलं. मी दार लोटून पाहिलं तर धोतर खोचून ते दगडावर उकिडवे बसले होते आणि बादलीत लुगडं चोळत होते. शेजारी यंत्र रिकामंच घरघरत होतं. मी धावले. "मामा, उठा. मी करते."

"तू हो बाजूला," ते म्हणाले. "तू धुतेस ते तिला बघवत न्हाय. माझं काय, मला कोण बघतंय?"

जन्मात त्यांनी स्वतःचा पंचासुद्धा पिळला नव्हता. गिऱ्हाइकाला कापड दाखवताना चिमटीत धरून बघतात, तसंच चिमटीत धरून ते चोळायचे. डाग निघायचे नाहीत. ते दुकानात गेले की मी त्या घड्या पुन्हा एकदा गुपचूप चोळून काढायची.

उन्हाळा लागला. एका सकाळी न्हाणीत घरघर चालू होती आणि मी अत्तींचे केस विंचरत होते. त्या म्हणाल्या, "यंत्र खोकतंय गं."

मी विंचरत राहिले. मामांना जुना खोकला होता.

"कालच्याला विभूती लावली त्यांनी मला," त्या म्हणाल्या. "हात बघितलास? सोड्यानं फुटलेत सगळे." मग माझं मनगट घट्ट धरलं. "मला कळलंय म्हणून सांगू नको त्यांना. त्यांच्या मनाला बरं वाटतंय तर वाटू दे."

असं दोघांचंही गुपित माझ्यापाशी आलं.

पुढं घड्या कमी भिजायला लागल्या. मला आधी बरंच वाटलं. मग लक्षात आलं की पाण्याचं भांडं तोंडाशी नेलं की अत्ती ओठ मिटतात. "साकु, साकु," म्हणजे पुरे, पुरे. घोटभर घ्यायच्या आणि भांडं ढकलायच्या. ताकही नको, अंबीलही नको. बाहेर वैशाखाचं ऊन पेटलेलं, भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या, आणि त्या म्हणायच्या, तहानच नाही. जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले. डॉक्टरांनी येऊन हाताची कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली. सलाईन लावावं लागलं.

"अत्ती, पाणी का पीत नाही?" डॉक्टर गेल्यावर मी विचारलं.

"पिलं की भिजतंय," त्या म्हणाल्या. "भिजलं की त्यांना बसावं लागतंय तितं. या वयात."

त्यांना दिलेला शब्द मी मोडला. मामा दुकानातून आले तसं सगळं सांगितलं. ते चपला न काढताच आत गेले, खाटेच्या कडेला बसले. पाण्याचं भांडं आणि चमचा घेतला.

"आ कर," ते म्हणाले.

"साकु."

"आ कर म्हणतो न्हवं. मला आवडतंय ते काम. दुकानात बसून बसून कंटाळा आलाय."

"खोटं बोलताय."

"व्हय, खोटं," मामा म्हणाले. "पर तू पाणी पी. मी हात जोडतो तुला."

त्या रडल्या आणि चमच्या चमच्यानं भांडंभर पाणी प्यायल्या. ती दोघं एकमेकांशी एवढं बोललेली मी पहिल्यांदाच पाहिली.

त्यानंतर यंत्र चालू करायचं कारण उरलं नाही. न्हाणीचं दार उघडं राहू लागलं. मामा धुवायचे आणि अत्ती खाटेवरून सांगायच्या, "काठ चोळा की जरा. किती साबण घालताय? न्हाय हो, पिळा उलटं." मामा म्हणायचे, "एवढं येतंय तर ये, तूच बस." पाणी भरपूर पिऊ लागल्या त्या. चेहरा जरा भरला. मला वाटलं, निभावलं.

पण शरीर आतून खचलं होतं. मिरगाच्या तोंडाला पुन्हा झटका आला आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. आमच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवलं, कपाळभर विभूती लावली. मातीला नेऊन आल्यावर बायका अंथरूण टाकून द्यायला निघाल्या. मामांनी त्यांच्या हातातून ती शेवटची घडी काढून घेतली, न्हाणीत जाऊन धुतली, अंगणात दोरीवर घातली. घरभर माणसं होती.

यंत्र पुढं भंगारवाल्यानं नेलं. नेताना मामांनी तिकडं पाहिलंही नाही.

त्यानंतर मामा बरीच वर्षं होते. दुकान हळूहळू यजमानांनी बघायला घेतलं. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले की मधूनच, दुसरंच काही बोलता बोलता, ते मला विचारायचे, "शेवटी शेवटी पोटभर पीत होती न्हवं गं पाणी?"

"व्हय मामा," मी म्हणायची. "पोटभर पीत होत्या."

ते मान हलवायचे. काही दिवसांनी पुन्हा विचारायचे.