फोटोतला गोलकीपर

मंडळी, आमच्या मिठागरावरच्या फुटबॉल क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. म्हणून आज सकाळी क्लबचे पहिले गोलकीपर धर्मादादा यांच्या घरी गेलो.

सगळ्यात जुना फोटो पुढे ठेवला. डोक्याला फडकं गुंडाळलेल्या गोलकीपरवर बोट ठेवून विचारलं, "दादा, ही मॅच कुठली?"

दादांनी फोटो जवळ ओढला. मग म्हणाले, "तो मी न्हाय. ती हिरा हाय, माझी बहीन."

त्या दिवशी दादांना ताप होता आणि संघात दहाच जण उरले होते. हिराआत्या रोज भावाबरोबर गोलात सराव करायची. तिने भावाची जर्सी चढवली, केस फडक्यात बांधले आणि मैदानात उतरली. मॅच दोन-दोन बरोबरीत सुटली, पण समोरच्यांना काही कळलं नाही आणि आपल्या संघातल्यांनीही ते कुठे सांगितलं नाही.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तवा बोललो असतो तर घरच्यांनी तिला बाहेर सोडली नसती. मंग लोक माझंच कौतुक करत रायले, आनि मना ते आवडलं."

एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. मग स्वतःच आत्याला फोन लावून माझ्या हातात दिला.

आत्या म्हणाली, "लिव माझं नाव. दोन गोल खाल्ले, ते पन लिव. पन धर्माचं नाव खोडू नको हां."

दोन्ही नावं लिहिली आहेत. तुमच्या गावच्या संघात अशी कोणी हिराआत्या होती का? घरातल्या जुन्या माणसांना विचारून सांगाल?