केसांचा हात

ठसेकाकूंना कुणी विचारलं, की तुम्ही काय काम करता, तर त्या सांगायच्या, "मी लाकूड काढते." समोरचा बुचकळ्यात पडला की त्यांना मजा वाटायची. मग त्या समजावून सांगायला बसायच्या, आणि एकदा बसल्या की विचारणाऱ्याची लवकर सुटका नसायची. लोकांना वाटतं, चित्र छापायच्या लाकडी ठशावर रेघ कोरतात. साफ खोटं. रेघ कुणीच कोरत नाही. रेघेच्या अल्याडचं लाकूड काढायचं, पल्याडचं काढायचं, आणि मधे जी उरते ती रेघ. तिच्यावर शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा, पाठीवरून घासायचं, की झाली छाप. "म्हणजे जे हवंय त्याला हातच लावायचा नाही," असं म्हणून त्या अशा ऐटीत बघायच्या, की हा शोध त्यांना आजच सकाळी लागलाय.

शोध अर्थातच मामंजींचा. काकू बाविसाव्या वर्षी या घरात सून म्हणून आल्या तेव्हा त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ठसे कोरायचे सासरे. त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, म्हणजे काकूंच्या नवऱ्याने, ते शिकायला हवं होतं, पण त्याचा हात जड. तो छापायचा मात्र सुरेख, आणि त्यातच खूश होता. एक दिवस नवी सून सफरचंद सोलत होती आणि साल न तुटता एका लांब पट्टीत उतरत होती, ते मामंजींनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्यासमोर धारेचा दगड आणि एक सुरी ठेवली.

पहिलं वर्ष नुसती धार लावण्यात गेलं. सुरीचं पातं अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवायचं. घसरलं तर परत दगडाकडे. न दाबता जागच्या जागी चिकटलं तर ठीक. काकूंच्या नखावर त्या वर्षीचे ओरखडे मोजून संपले नसते. माहेरी गेल्या तेव्हा आईने विचारलं, "सासरी मांजर पाळलंय का गं?"

मग सरळ रेघा, मग वाकड्या, आणि सगळ्यात शेवटी केस. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. एक मोठी खिडकी, तिच्याखाली टेबल, टेबलावर वाळू भरलेली चामड्याची उशी. ठसा उशीवर ठेवायचा, कारण वळणावर हात वळवायचा नसतो, ठसा फिरवायचा असतो. सुरी किंचित बाहेर कललेली धरायची, म्हणजे रेघ वरून केसाएवढी राहिली तरी तिचा पायथा रुंद राहतो. सुरी उभी धरली तर रेघ पायापासून मोडते, आणि आत कलली तर पहिल्याच छापेला उडून जाते. आधी सगळ्या केसांच्या एकाच बाजूचे काप घ्यायचे. मग ठसा फिरवून सगळ्यांची दुसरी बाजू. एकेक केस पुरा करत जाणारा माणूस अर्ध्या डोक्यात भांबावतो, असं मामंजी म्हणायचे.

त्या खोलीत एक पद्धत होती. कपडे, मागची झाडं-भिंती आधी, मग चेहरा, आणि केस शेवटी. तोवर त्या लाकडाची हाताला ओळख होते. शिकायला येणाऱ्यांपैकी ज्याचे केस स्वच्छ यायचे त्याला मामंजी म्हणायचे, याला केसांचा हात आला. काकूंना त्यांनी हे कधी म्हटलं नाही. काकूंचा ठसा खिडकीशी नेऊन भिंगातून बघायचे, बराच वेळ बघायचे, आणि म्हणायचे, "बरं आहे. अजून नाही." ते असं म्हणत म्हणतच गेले. त्यालाही आता चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत काकूंनी किती डोकी कोरली असतील त्याची गणती नाही, गिऱ्हाइकं लांबून यायची, तरी ते "अजून नाही" अधूनमधून त्यांच्या कानात वाजायचं.

काकूंच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या आई, आता चौऱ्याऐंशी वर्षांच्या. तब्येत ठणठणीत, आणि जीभ त्याहून ठणठणीत. एका सकाळी त्यांनी आपल्या कपाटातून कापडात गुंडाळलेला एक ठसा आणला आणि टेबलावर ठेवला.

"एवढा पुरा कर," त्या म्हणाल्या.

काकूंनी तो लगेच ओळखला. मामंजींनी आईंचं चित्र कागदावर काढून ते ठशावर पालथं चिकटवलं होतं. चेहरा कोरून झाला होता, केस राहिले होते. त्याच वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला आणि त्यांनी सुरी खाली ठेवली ती कायमची. पुढे नऊ वर्षं सुनेला शिकवलं, पण हा ठसा काही तिच्या हाती दिला नाही.

"आई, याचं दुसरं चित्र आहे का कुठे?"

"नाही. हेच."

"मग नको. कोरताना कागद सुरीबरोबर निघून जातो. माझा हात चुकला तर परत बघायला काही उरणार नाही."

"आणि आत्ता मी काय बघते? अर्धं डोकं!" आई खुर्ची ओढून बसल्या. "हे बघ, या माणसाने जन्मभर भिंगातून लाकूड बघितलं. माझ्याकडे मान वर करून कधी बघितलं नाही. एकदा मी पंधरा दिवस बहिणीकडे राहून आले, तर आल्या आल्या विचारतात, गोंदाची बाटली कुठे ठेवलीस. आणि एक दिवस म्हणे तुझं चित्र काढलंय. मला समोर बसवलं नाही, काही नाही. मी कशी दिसले यांना, ते मला एकदा कागदावर बघू दे. मग डोळे मिटायला मी मोकळी."

"डोळे मिटायची भाषा नको," काकू म्हणाल्या, आणि ठसा त्यांच्या टेबलावरच राहिला.

दुपारी त्यांनी बोटाला चार थेंब तेल घेऊन कागदावर फिरवलं. जुना कागद पारदर्शक झाला आणि रेघा वर आल्या. आई कायम अंबाड्यात. इथे मात्र केस मोकळे होते, खांद्यावरून खाली आलेले, तीनेकशे तरी रेघा असतील. काकू बघत राहिल्या. मग त्यांची नजर गालावरच्या तिळावर गेली आणि त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अहो, इकडे या. तीळ बघा."

आईंच्या डाव्या गालावर तीळ आहे. समोरच्याला तो उजवीकडे दिसतो. ठशावर सगळं उलटं असतं, तेव्हा ठशावर तो डावीकडे हवा. इथे तो ठशावरच उजवीकडे होता. म्हणजे छापल्यावर तीळ नको त्या गालावर जाणार.

"बाबांनी कागद उलटा चिकटवला की काय?" नवरा म्हणाला.

"कोपऱ्यातली त्यांची सही बघा. ती ठशावर उलटी आहे, म्हणजे कागद बरोबर लागलाय. चित्रच उलटं काढलंय."

"बाबा आणि चूक?" नवऱ्याला हसू आवरेना. "मला एका डागासाठी जेवणावरून उठवायचे ते!"

काकूंना हसू आलं नाही. हात थरथरला हे निमित्त असेल, चूक लक्षात आली म्हणूनच त्यांनी ठसा सोडला असेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. आता काय करायचं? चेहरा कोरून झालेला, तो काही फिरवता येणार नव्हता. आईंनी एवढी वाट बघितली, आणि हातात पडणार ते चुकीच्या गालावरच्या तिळाचं चित्र. म्हणजे मामंजींनी आईंकडे नीट बघितलं नव्हतं, याची कागदावर पक्की साक्ष. त्यापेक्षा अर्धं डोकं बरं.

दोन दिवस ठसा तसाच पडून होता. आई येता-जाता विचारायच्या, "झालं का गं?" आणि काकू म्हणायच्या, "धार लावतेय." तिसऱ्या दिवशी आईंनी विचारलं, "सुरी आहे का तलवार?" तेव्हा मात्र काकूंनी मनाशी ठरवलं. रेघ मामंजींची आहे, ती जशी आहे तशी ठेवायची. बरोबर-चूक ते आणि आई बघून घेतील.

त्यांनी एका कागदाला बोटभर भोक पाडून तो ठशावर ठेवला. भोकातून दिसेल तेवढेच केस कोरायचे, बाकीचं झाकलेलं. घाम लागत नाही आणि पुढचं किती राहिलंय ते दिसत नाही. श्वास सोडताना काप, घेताना थांबायचं. सकाळचे तीन तास काम, की बंद. नवरा पाय न वाजवता चहा ठेवून जायचा, आणि मग स्वतःच बशी वाजवायचा.

सातव्या दिवशी कानाजवळ सुरी घसरली. लाकडात एक बारीक गाठ होती, तिने पात्याला ढकललं आणि दोन केस मधोमध उडाले. काकूंनी सुरी खाली ठेवली. त्या उठल्या, हात धुतले, उगाचच दोन खोल्या झाडून काढल्या. मग परत येऊन त्यांनी गाठीसकट तेवढा तुकडा चौकोनी पोखरून काढला, त्याच लाकडाच्या कडेची पाचर शिरा जुळवून बसवली, गोंद वाळायला एक दिवस दिला, आणि वर शेजारच्या केसांच्या अंदाजाने ते दोन केस स्वतः काढले. त्या ठशावर मामंजींची नसलेली रेघ तेवढीच. पाचर बसली का ते बघायला त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं. सांधा लागला नाही, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

अकराव्या दिवशी केस संपले. काकूंनी कोमट पाण्याने कागदाचा शेवटचा पापुद्रा धुऊन काढला, तेव्हा मामंजींच्या हातचं चित्र जगात उरलं नाही. उरलं ते लाकडावर, आणि त्यातले केस काकूंच्या हातचे. त्यांनी ठसा खिडकीशी नेला आणि भिंगातून बघितला, बराच वेळ बघितला. छान झालाय, असं त्यांना वाटलं. अगदी मनापासून वाटलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने शाई लावली. कागद ओलावून ठेवलेलाच होता. त्याने तो ठेवला, पाठीवरून गोल गोल घासला, एका कोपऱ्याने उचलला. तीनशे केस, आणि एकही दुसऱ्याला चिकटला नव्हता. नवऱ्याने बायकोच्या पाठीवर थाप मारली. शाईचा पंजा उठला आणि त्यावरून तिने त्याला सुनावलंही.

मग दोघं छाप घेऊन आईंकडे गेले. आई खिडकीत बसल्या होत्या. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला, लांब धरला, जवळ आणला. काकू दाराला टेकून उभ्या राहिल्या.

नवऱ्याला राहवलं नाही. "आई, तीळ तेवढा दुसऱ्या गालावर गेलाय. हिची चूक नाही हं, बाबांनीच तसं काढलंय."

"दुसऱ्या कुठे?" आईंनी आपल्या डाव्या गालाला हात लावला. "इथेच तर आहे. भांगही बरोबर आहे. अशीच तर दिसते मी."

"कुणाला, आई?" काकूंनी विचारलं.

"कुणाला म्हणजे? मला. रोज आरशात."

त्या बोलल्या आणि थांबल्या. कागद मांडीवर ठेवून कितीतरी वेळ बघत राहिल्या. नवऱ्याने काही विचारायला तोंड उघडलं, तर काकूंनी त्याचा दंड धरला.

"सकाळी मी केस विंचरायला बसले ना," आई हळू म्हणाल्या, "की हे मागे दारात येऊन उभे राहायचे. चहाचा कप घेऊन. बोलायचे काही नाहीत, नुसते आरशात बघत उभे. मी आपली विचारायचे, काय हवंय. म्हणायचे, काही नाही. मला वाटायचं, यांना दाढी करायचीय, आरसा हवाय."

"मग?"

"मग काय!" आईंनी छापेतल्या मोकळ्या केसांवरून बोट फिरवलं. "रोज घाईघाईने अंबाडा घालायचे, आणि बाजूला व्हायचे गं मी."