सोनेरी चौकटीतला मळेवाला

मळेवाल्याच्या कपाळावर कुंकू होतं. चौकटीला झेंडूचा हार, खाली उदबत्ती. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि पाहुण्यांची बस लोणावळ्याच्या हॉटेलातून सुटल्याचा मेसेज आत्ताच आला होता.

मी प्रदर्शनं मांडते. म्हणजे चित्रं आणि मजकूर छापलेले मोठे बोर्ड, आम्ही त्यांना पॅनेल म्हणतो, ते तयार करून उभे करते. हे काम वडगावच्या पुढे आंबीत असलेल्या एका कारखान्याचं होतं. तिथे साखर कारखान्यांची यंत्रं बनतात. कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटावरून, स्वतंत्र देश आहे तो, काही मंडळी यंत्रं बघायला येणार होती. त्यांच्या देशाचा इतिहास लॉबीत लावला तर पाहुणे खूश होतील, असं मालकांच्या डोक्यात आलं. वसाहत झाली तिथपासून स्वातंत्र्यापर्यंत, सात पॅनेल.

इतिहास थोडक्यात असा. बेटावर मूळची माणसं होती. युरोपातून गोरे आले. मूळची माणसं लढाईत आणि रोगांत मेली, उरलेली हाकलली गेली. मग गोऱ्यांचे उसाचे मळे झाले. राबायला आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून आणली आणि गुलाम म्हणून विकली. गुलामगिरी बंद झाल्यावर करारावर आपल्याकडची माणसं नेली. पुढे मजुरांचे संप, मताचा हक्क आणि सरतेशेवटी स्वतःचा झेंडा. येणारे पाहुणे त्या उसात राबलेल्यांचे वंशज होते.

आणि आम्ही हार घातला होता माणसं विकत घेणाऱ्या मळेवाल्याला.

हे काम हिराबाई मावशींचं. आंदर मावळातल्या एका ठाकरवाडीतून त्या डोंगर उतरून एसटीला येतात आणि लॉबीची झाडलोट करतात. कंपनीत कोणाचीही जयंती असली की प्रतिमापूजनाची तयारी त्यांच्याकडेच असते. सोनेरी चौकटीत जो दिसेल तो थोर माणूस, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. चौकट मात्र मी लावली होती. जुन्या तैलचित्राचा भास यावा म्हणून एकच आणली आणि मळेवाल्याला दिली. शेजारच्या पॅनेलवर उसात कुदळ घेऊन उभी असलेली एक बाई होती, साधं रेखाचित्र. तिचं नाव कुठेच नोंदलेलं नाही. ती उघड्या बोर्डावर होती, म्हणून तिला हार नाही.

हार काढता येतो. कुंकवाचं काय करायचं? दिव्याची चकाकी येते म्हणून मी काच लावली नव्हती. ओल्या बोटानं लावलेलं कुंकू थेट कागदात मुरलं होतं. मी कापसानं हलकेच टिपलं. ते पसरलं. पुन्हा टिपलं, तर लाल ओघळ नाकापर्यंत आला. डोकं फुटल्यासारखा दिसायला लागला तो.

तेवढ्यात ॲडमिनचे सावंत साहेब आले. त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे कोणी केलं?"

मावशी कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मी बोलायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला माझं पुढचं काम हातचं जाताना दिसत होतं. साहेबांनी माझ्याकडून उत्तराची वाट पाहिलीच नाही. त्यांनी सफाईच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला आणि ह्या बाईंचा गेटपास उद्यापासून बंद करायला सांगितलं. मग ते गेटकडे गेले. फोनवर दुसरा मेसेज आला. बसनं कामशेत सोडलं होतं.

मावशी जवळ आल्या. "ताई, ह्यो बाबा कोन हाय?"

दोन आठवडे मी तिथे काम करत होते. मावशींनी रोज माझ्या पॅनेलवरची धूळ पुसली होती. पण त्यावर काय आहे हे त्यांना सांगावं, असं मला एकदाही सुचलं नव्हतं. आता सांगितलं. ह्यानं माणसं विकत घेतली, उसात राबवली, पळाली तर चाबकानं फोडली.

त्यांनी हार उतरवला. उदबत्ती विझवली. मग विचारलं, "आन राबनारी कुटं हायेत?"

मी त्या बाईकडे बोट दाखवलं. घाईत म्हणाले, तोच हार हिला घाला आणि चला. मावशींनी मान हलवली.

"उतरलेला हार न्हाई घालत कुनाला. त्यात ह्याच्या गळ्यातला."

आणि त्या बाहेर बागेत निघून गेल्या. मी हाका मारल्या, थांबल्या नाहीत. वडगाव गेल्याचा मेसेज आला. मळेवाला काढून भिंत मोकळी ठेवावी म्हटलं, तर चौकट स्क्रूनं घट्ट बसवलेली. स्क्रू ड्रायव्हर गाडीत होता आणि बस गेटात शिरली होती.

पाहुण्यांच्या प्रमुख एक वयस्क बाई होत्या, पूर्वीच्या शिक्षिका. त्या आत आल्या तेव्हा मावशी पाठमोऱ्या उभ्या राहून कुदळवालीच्या बोर्डाला तगरीची फुलं दोऱ्यानं बांधत होत्या. शेजारी लाल तोंडाचा मळेवाला. सावंत साहेब माझ्याकडे बघत होते. लाल रंग मुद्दाम दिलाय, ही कलाकृती आहे, असं खोटं माझ्या जिभेवर आलं होतं.

मी खरं सांगितलं. आमच्याकडे थोर माणसांच्या चित्राची पूजा करतात. चौकट मी चुकीच्या माणसाला दिली. ह्या मावशींना तो कोण हे मी सांगितलंच नव्हतं. कळल्यावर फुलं ह्यांनी स्वतः बदलली.

त्या बाई मळेवाल्यासमोर बराच वेळ थांबल्या. मग त्या दुसऱ्या बोर्डाकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या आजीच्या आजीचं नाव आम्हाला माहीत नाही. तिला कोणी कधी फूल वाहिलेलं नाही." त्यांनी मावशींचे दोन्ही हात हातात घेतले आणि नाव विचारलं. मावशींनी सांगितलं, "हिरा." बाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं.

दुपारी जेवताना बाईंनी मालकांना विचारलं, हिरा कुठे आहे? त्यानंतर गेटपास बंद करायची कोणाची छाती झाली नाही. मावशी अजून तिथेच आहेत. मला मात्र त्या कंपनीनं पुन्हा बोलावलं नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

उद्घाटनाआधी आम्ही एक फेरी मारतो, सगळं नीट लागलंय का ते बघायला. तिला वॉक-थ्रू म्हणतात. पूर्वी ती मी साहेब लोकांबरोबर मारायची. आता पहिली फेरी झाडलोट करणाऱ्यांबरोबर मारते, आणि त्याआधी एकटीच प्रत्येक भिंतीसमोर उभी राहून बघते, राबणारी कुठे आहेत.