कुत्रा रडत नव्हता

त्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर आम्ही नवराबायकोने कुत्र्याचे केस उपटले. मी धरायचं आणि तिने उपटायचं, अशी वाटणी होती. पुढच्या पडवीत ती पाटावर बसली, कुत्रा माझ्या मांडीवर. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात चार केस धरायचे आणि केस ज्या बाजूला झुकलेत त्याच बाजूला झटका द्यायचा. मेलेला केस लगेच येतो. कुत्र्याला दुखत नाही. दुखलं असतं तर त्याने माझं बोट तोडलं असतं, तेवढा काही तो गरीब नव्हता.

"चाळीस वर्षांत मला कधी एवढा वेळ मांडीवर घेतलं नाहीत," ती म्हणाली.

"तू एवढी गप्प बसली असतीस तर घेतलं असतं."

"गप्प बसले असते तर हे घर उभं राहिलं असतं काय?"

हे आमचं शेवटचं बोलणं. माणसं सांगतात, अमक्याने मरताना देवाचं नाव घेतलं, तमक्याने हात हातात घेतला. आमचं हे असं. मला त्याची लाज नाही. लाज पुढच्याची आहे.

लोक विचारायचे, पामेरियन काय हो? पामेरियन नव्हे. केर्न टेरिअर. हे नाव मला नीट म्हणता यायला महिना लागला. नाक्यावरचा एक रिक्षावाला मुद्दाम "तेरा यार" म्हणायचा आणि बायकोला विचारायचा, "काकी, तुमचा यार कुठाय?" ती म्हणायची, "मेल्या, तुझ्या पोटरीकडेच बघतोय तो. पाय आत घे."

मी गवंडी. जांभ्या दगडाचं काम करण्यात जन्म गेला. मांडवीकडे बोटीवरच्या एका इंजिनीअरचा बंगला होता, त्याच्या आवाराचा गडगा मी रचला. गडगा म्हणजे माती नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवून केलेली भिंत. माझी बायको त्याच बंगल्यात धुणंभांडी करायची. इंजिनीअरने स्कॉटलंडच्या बंदरातून हे पिल्लू आणलेलं. पुढे इंजिनीअरची बाई मुंबईला फ्लॅटवर राहायला गेली. तिथे कुत्रा चालणार नव्हता. आम्हाला मूलबाळ नाही, आणि कुत्र्याला माझ्या बायकोचीच सवय, म्हणून तो आमच्याकडे आला. तेव्हा तीन वर्षांचा होता.

देताना बाईने आम्हाला पायरीवर बसवून सगळं समजावलं. केर्न म्हणजे तिकडच्या भाषेत दगडांचा ढीग. तिकडच्या डोंगरांवर असे ढीग असतात आणि त्यांच्या फटींत कोल्हे, पाणमांजरं लपतात. मोठा कुत्रा आत शिरू शकत नाही. म्हणून तिकडच्या शेतकऱ्यांनी हा आखूड पायांचा, राठ केसांचा कुत्रा पोसला. हा फटीत घुसतो, जनावराला कोंडतो आणि तिथेच उभा राहून ओरडतो. मालक कुदळ घेऊन येईपर्यंत जागा सोडत नाही.

"तो ओरडला तर चिडू नका," बाई म्हणाली. "तो बोलावत असतो. जाऊन बघायचं."

"म्हणजे हा गडग्यातला कुत्रा," माझी बायको म्हणाली. "आणि आमचे हे गडगेवाले. बरोब्बर घरी आला."

जाऊन बघायचं. दोन शब्द. शाळेत चौथीत मी दोनदा बसलो, पण एवढं कळायला शाळा लागत नाही.

सात किलोचा जीव, पण स्वतःला म्हैस समजायचा. दिवसभर आमच्या आवाराच्या गडग्याशी नाक लावून. घूस दिसली, मुंगूस दिसलं की पुढच्या पायांनी उकरायला सुरुवात. मी हाताने रचलेला गडगा त्याने तीनदा पाडला. मी दगड बसवायचो आणि शिव्या द्यायचो, ती त्याचे पंजे धुवायची आणि मला शिव्या द्यायची. हट्टी इतका की एकदा सांगितलं तर ऐकत नाही, दहादा सांगितलं तर तोंड फिरवतो. पण तिचं डोकं दुखत असलं की न सांगता तिच्या पायाशी. मुलांनी शेपटी ओढली तर चालायची. मोकळं सोडायचं मात्र नाही, काही पळताना दिसलं की हा त्याच्यामागे, मग पुढे एसटी येवो नाहीतर समुद्र.

त्याला आंघोळ क्वचित. पावसाळ्यात कानांत आणि पायांच्या बोटांत गोचीड बघायचे, रोज. उन्हाळ्यात ओलं गोणपाट टाकायचं, त्यावर तो स्वतःच पसरतो. आणि कात्री लावायची नाही. हे मी शिकलो ते चूक करून. एका मे महिन्यात कुत्रा धापा टाकतो म्हणून मी त्याला केस कापायच्या दुकानात नेला आणि मशीन फिरवून आणला. बायकोने बघितलं आणि हातातली कढई खाली ठेवली. केस परत आले ते कापसासारखे. पावसात भिजले की वाळेनात, खालची कातडी लाल झाली. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग एकच बोलली, "विचारायचं नाही, ऐकायचं नाही, नुसता हात चालवायचा." वर्षभर बोटांनी उपटून उपटून तिने त्याचे केस परत राठ केले.

त्या दिवशी केस उपटून झाल्यावर ती धुणं घेऊन मागल्या दारी विहिरीवर गेली. कुत्रा तिच्यामागे. मी पडवीत आडवा झालो.

थोड्या वेळाने कुत्रा मागे ओरडायला लागला. सारखा, एकाच जागेवरून. मी म्हटलं, मुंगूस दिसलं असेल. पडून राहिलो. मग तो धावत पुढे आला, माझ्यासमोर उभा राहिला, तोंड वर केलं आणि गळा काढला.

गडग्यापलीकडून शेजारीण ओरडली, "काका, कुत्रा रडतोय तुमचा! भर दिवसा! बांधा त्याला, घरात कुणाचं तरी वाईट व्हायचं!"

आमच्याकडे कुत्रा रडला की म्हणतात त्याला यम दिसला. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. मी उठलो. त्याने माझ्या लुंगीचा काठ दातांत धरला आणि मागल्या दाराकडे ओढायला लागला. मी त्याला चप्पल मारली. हो, मारली. खांबाला साखळीने बांधला आणि परत आडवा झालो. तो ओरडत होता आणि मी डोळ्यांवर पंचा घेतला.

मग चहाची तलफ आली म्हणून हाक मारली. ओ नाही. मागे जाऊन बघितलं तर ती कपडे धुवायच्या धोंडीजवळ पडलेली. श्वास होता, पण ओठ निळे. रिक्षा मिळाली. डॉक्टरने विचारलं, "किती वेळ झाला?"

मी म्हणालो, "आत्ताच, डॉक्टर."

आतून बाहेर येऊन त्याने मान हलवली. माझा मेव्हणा, तिचा धाकटा भाऊ, गावातच नोकरीला, तो तोवर आला होता. त्याने विचारलं, लवकर आणली असती तर? डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही, पण अशा वेळी मिनिटं मोलाची असतात. मी भिंतीकडे बघत उभा.

उन्हं कलायच्या आत सगळं उरकलं. अग्नी मीच दिला, आधी डोकं भादरून. घरी आलो तर अंगणात माणसं जमलेली आणि शेजारीण सगळ्यांना सांगत होती, कुत्रा कसा रडला, किती रडला. बायका "अवलक्षणी गो बाई" म्हणत होत्या. मेव्हणा माझ्याजवळ येऊन बसला.

"भावोजी, हा कुत्रा या घरात ठेवायचा नाही. ताईला खाल्लान याने. आमच्या मंडणगडच्या घराकडचा माणूस सकाळच्या एसटीने चाललाय, त्याच्याबरोबर पोत्यात घालून देऊ. तिकडे डोंगर आहे, सोडून देईल कुठेतरी."

मी होकाराची मान हलवली. माणसाने स्वतःच्या कानफटात मारायची तर ती त्या घडीला. पण मी बसून राहिलो, आणि कुत्रा पडवीत खांबाशी भिंतीकडे तोंड करून पडून होता. त्याने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा पोतं घेऊन आला. शेजारीण चहा घेऊन आली होती, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून. मेव्हणा खांबाकडे वळला आणि कुत्रा उठलासुद्धा नाही. गुरगुरला नाही. एवढा भांडखोर प्राणी, त्याने मान खाली घातली. तेव्हा माझं डोकं फिरलं.

"ठेव ते पोतं," मी म्हणालो. "तो रडत नव्हता. मला बोलावत होता. माझी लुंगी ओढलीन त्याने. मी चप्पल मारली आणि बांधला. डॉक्टरला 'आत्ताच' म्हणालो ते खोटं. अर्धा तास पडली होती ती."

शेजारणीने तोंडाला पदर लावला. "काका, बांधायला मीच सांगितलं."

"तू सांगितलंस. बांधला मी."

मेव्हणा पांढरा पडला. मग म्हणाला, "भावोजी, हे आता कशाला सांगताय? माझी बहीण परत येणार आहे?"

"तू त्याला पोत्यात घालतोयस म्हणून सांगतोय."

"मग तुम्हालाच घालायला हवं यात!"

"घाल."

त्याने पोतं माझ्या पायांवर फेकलं आणि निघून गेला. त्याचं काही चुकलं नाही. शेजारीण कपबशी तशीच ठेवून गडग्यापलीकडे गेली.

मी सदरा अडकवला, पिशवी घेतली आणि मांडवीला गेलो. किनाऱ्यावर मासळी आली होती. कोळणीने माझ्या भादरलेल्या डोक्याकडे बघितलं.

"काका, कालच ना ओ...? आणि मासळी?"

"कुत्र्याला हवी. टाक चार बांगडे."

परत येताना रस्त्यात चारजणांनी पिशवीकडे बघितलं. बघू देत. घरी आलो, स्टोव्ह पेटवला. बांगडे नुसत्या पाण्यात उकडले, मीठ नाही, तिखट नाही. भात केला. मग बोटांनी एकेक काटा काढत बसलो, बारीकसुद्धा ठेवला नाही, आणि मासा भातात कालवला. साखळी सोडली, ताटली त्याच्यापुढे ठेवली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी मागे सरून उंबऱ्यावर बसलो.