दोन्या एल्विराला दिलेले तीन तारे

ग्वाटेमालाला निघालो त्या सकाळी जयनगरच्या आमच्या गल्लीतले गौडा अण्णा फाटकाशी उभे होते. "हे कुठे आलं? इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "स्वल्प (थोडं) पुढे, अण्णा." "सरी, सरी (बरं, बरं)," म्हणत त्यांनी आमच्या झाडांना पाणी घालायचं कबूल केलं आणि आमची टॅक्सी सुटली.

एवढ्या लांब जायचं कारण माझी बायको नलिनी. गेली दोन वर्षं ती भाजी निवडता निवडता फोनवर स्पॅनिश शिकत होती. "माझ्या मांजराला दूध आवडतं" हे वाक्य ती तिन्ही काळांत म्हणायची, पण ते ऐकायला जयनगरात कोणी भेटत नव्हतं. एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी, म्हणजे आदित्यने, हे मनावर घेतलं आणि फोनवरूनच तळ्याकाठच्या एका गावातलं हॉटेल ठरवून टाकलं. "टोटली ऑथेंटिक आहे बाबा, एक फॅमिलीच चालवते." ऑथेंटिक म्हणजे अंघोळीच्या पाण्याची खात्री नाही, हे मी आतापर्यंतच्या प्रवासांत शिकलो आहे.

दोन ठिकाणी विमान बदललं, मग व्हॅनमध्ये चार तास हाडं खिळखिळी करून घेतली, आणि शेवटी लांचात (मोटारहोडीत) बसलो. समोर निळंशार तळं आणि त्याच्या पलीकडे तीन ज्वालामुखी, एकाच्या माथ्यावर ढग अडकलेला. नलिनीचे डोळे भरून आले. दृश्य खरोखरच अप्रतिम होतं. हे मी आत्ता लिहितो आहे, तेव्हा तोंडातून निघालं ते, "पाणी स्वच्छ दिसतंय."

हॉटेल म्हणजे अंगणाभोवती सात खोल्या आणि अंगणात एक अ‍ॅव्होकाडोचं झाड. मालकीण दोन्या एल्विरा (दोन्या म्हणजे आपल्या बाई किंवा अक्का) साठीच्या आसपासची, ठेंगणी, दोन वेण्या घातलेली. नवरा गेल्यापासून ती आणि तिची मुलगी लुसिया दोघीच हे सगळं चालवतात. लुसियाला इंग्रजी येतं, त्यामुळे बुकिंग आणि फोन तिच्याकडे. दोन्याने नलिनीच्या गालाला गाल लावला आणि ती माझ्याकडे वळली, तेव्हा मी तातडीने दोन्ही हात जोडले.

आता माझ्याविषयी. बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं गुणवत्ता तपासनीस होतो. निवृत्त झालो, पण डोळे निवृत्त होत नाहीत. खोलीत पाऊल टाकताच खुर्ची हलवून पाहिली, ती डुगडुगली. खिडकीची कडी बसत नव्हती. न्हाणीघरात टॉवेल अडकवायला खुंटी नव्हती. मी एकेक गोष्ट लुसियाला दाखवत गेलो आणि ती दर वेळी म्हणाली, "फीहेसे के..." (त्याचं काय झालं, बघा ना...). या देशात वाईट बातमी या शब्दांशिवाय सुरूच होत नाही. फीहेसे के गरम पाणी दुपारीच येतं. फीहेसे के सुतार तळ्यापलीकडच्या गावात गेलाय. आपल्याकडे 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' (थोडं सांभाळून घ्या) म्हणतात, त्यातून निदान आपण काय करायचं ते तरी कळतं.

रात्रीच्या जेवणाआधी नलिनीने आपली सगळी स्पॅनिश पणाला लावून सांगितलं, की आम्ही मांस खात नाही.

"कोंबडी?" दोन्याने विचारलं.

"नाही."

"अगदी थोडीशी कोंबडी?"

शेवटी तिने हात टेकले. तिथली फ्रिहोलेस (काळ्या घेवड्याची उसळ) डुकराच्या चरबीत परततात. दोन्याने आमच्यासाठी वेगळं भांडं काढलं, त्यात तेलावर उसळ केली आणि चूक होऊ नये म्हणून भांड्याच्या कानाला मागावरचा लाल दोरा बांधून ठेवला. सोबत तोर्तिया (मक्याची छोटी जाडसर भाकरी) आणि तळलेली केळी. मी तीनदा वाढून घेतलं. नलिनीने कसं झालंय विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी फोनवर विचारणा आली: मुक्काम कसा चालला आहे? अभिप्राय लिहा. निवृत्त माणसाला कोणी मत विचारणं ही काय साधी गोष्ट आहे? मी झाडाखाली बसून खुर्ची, कडी, खुंटी आणि पातळ कॉफी अशी व्यवस्थित यादी केली, शेवटी लिहिलं, "एकंदरीत समाधानकारक. सुधारणेला वाव आहे," आणि पाचपैकी तीन तारे दिले. मोठ्या मनाने दिले, असं मला वाटत होतं. आमच्या कारखान्यात 'समाधानकारक' शेरा मिळालेल्या फोरमनने खात्यात पेढे वाटले होते. पाचपैकी पाच मी कोणाला दिल्याचं मला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची डुगडुगायची थांबली. दुपारी न्हाणीघरात खुंटी आली. चौथ्या दिवशी खिडकीला नवी कडी, आणि कॉफी अशी कडक की पहिल्या घोटालाच कान गरम झाले. "बघ," मी नलिनीला म्हणालो, "स्पष्ट बोललं की कामं होतात." लुसिया दोन दिवस हसली नव्हती, हे मात्र माझ्या तपासणीतून सुटलं होतं.

त्या दुपारी नलिनी स्वयंपाकघरातून आली ती तावातावानेच. ती दोन्याबरोबर भाकऱ्या थापायला बसायची आणि दोघींचं बोलणं मांजराच्या दुधाच्या बरंच पुढे गेलं होतं.

"अहो, काय लिहून ठेवलंत तुम्ही?"

मग सगळं कळलं. राजधानीतली एक प्रवासी संस्था विणकाम शिकायला येणाऱ्यांचे गट या गावात पाठवते. वर्षाचे बरेचसे दिवस त्या गटांवरच निघतात. साडेचार ताऱ्यांच्या खाली घसरलेलं हॉटेल संस्था आपल्या यादीतून काढते आणि नवी यादी येत्या सोमवारी ठरणार होती. दोन्याच्या हॉटेलला सगळे मिळून आठ अभिप्राय होते. माझ्या नवव्याने त्यांची सरासरी साडेचाराच्या खाली ओढली होती. नाव गेलं तर हॉटेल बंद करून दोघींनी राजधानीत लुसियाच्या मोठ्या भावाकडे जायचं, असं बोलणंही झालं होतं. "ती खुर्ची सुताराने नाही केली," नलिनी म्हणाली. "दोन्याने पहाटे उठून स्वतः ठोकली."

मी लुसियाकडे गेलो. ती चादरी वाळत घालत होती.

"सर, आमचं तुम्हाला काय आवडलं नाही?" तिने वळूनही न बघता विचारलं.

"आवडलं की! सगळंच आवडलं."

"मग तीन?"

"आमच्याकडे तीन म्हणजे चांगलं."

आता ती वळली. माल परत पाठवायचा ठरवल्यावर मी पुरवठादाराकडे जसं बघायचो, तसं तिने माझ्याकडे बघितलं. मला लाज वाटली.

अभिप्राय एकदाच बदलता येत होता, आणि बदल तपासून झळकायला दोनतीन दिवस लागणार होते. तो गुरुवार होता. मी झाडाखाली बसलो, तारे पाच केले आणि लिहिलं, "खोली स्वच्छ असून सेवा समाधानकारक आहे." नलिनी मागे उभी होती.

"पुसा."

"अगं, समाधानकारक म्हणजे..."

"छत्तीस वर्षं माझ्या हातचं जेवताय. 'ठीक आहे'च्या वर कधी गेला नाहीत. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते मी हळूहळू शिकले, दुसरा इलाज नव्हता. या बाईने का शिकावं?"

मी पुसलं. मग त्या लाल दोऱ्याविषयी लिहिलं. लिहिलं की एकतीस वर्षं मी लोकांना वस्तूवर खूण करायला शिकवलं आणि त्यांनी ती साहेबाच्या भीतीने केली. या बाईने, दोन परक्या माणसांचा नेम मोडू नये, एवढ्यासाठी ती न सांगता केली. लिहिलं की तिची उसळ मी तीनदा घेतली आणि तळं फार सुंदर आहे. घाम फुटला, पण लिहिलं.

शनिवारी निघालो तोपर्यंत साइटवर जुने तीन तारेच चमकत होते. दोन्याने वाटेत खायला तोर्तिया बांधून दिल्या आणि नलिनीला बराच वेळ मिठी मारली. मग माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, पाहुण्यांवर आम्हालाही लिहिता येतं."

परतीच्या प्रवासभर मी फोन बघत होतो. घरी पोचलो तर झाडं टवटवीत होती. गौडा अण्णांना "झाडं फार छान ठेवलीत" म्हणालो, तर ते पुन्हा एकदा कुंड्यांकडे बघून आले.

मंगळवारी सकाळी लुसियाचा संदेश आला. सुरुवातच 'फीहेसे के' अशी होती. म्हणजे वाईट बातमी. पुढे लिहिलं होतं: फीहेसे के यादीत आमचं नाव राहिलंय, पुढच्या महिन्यात बारा बायकांचा गट येतोय, आणि आईला आणखी खुर्च्या ठोकायच्या आहेत. मी तो संदेश नलिनीला दोनदा वाचून दाखवला.

खाली आमच्यावरचा अभिप्राय होता. चार तारे. "सेन्योरा (बाई) आमच्या घरच्याच. सेन्योर (साहेब) समाधानकारक. सुधारणेला वाव आहे."

"एक तारा कापला!" मी म्हणालो. "एवढं सगळं लिहूनसुद्धा!"

"मला विचारलं असतं तर दोन कापले असते," नलिनी मेथी निवडत म्हणाली.

तो एक तारा मला दिवसभर टोचत राहिला. चार म्हणजे वाईट नव्हे, हे मला कळत होतं. ती बाई तीन तारे घेऊन पहाटे हातोडा शोधत कशी फिरली असेल, हेही मग कळायला लागलं.

दुपारी जेवायला बसलो. मेथीची भाजी होती, नेहमीसारखी, लसणाची फोडणी दिलेली. दोन घास खाल्ले आणि म्हणालो, "भाजी फार छान झालीय."

नलिनीचा भाकरी वाढणारा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ताटातली चिमूटभर भाजी उचलून तोंडात टाकली, आणि तिच्यात काय बिघडलंय ते शोधत बराच वेळ चावत राहिली.