दोघींपैकी आधी कोण

माझा दादा कपडे धुतो. आमचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान आहे खरं, पण कोणी विचारलं तर "दुकान आहे" असं तो म्हणत नाही, "कपडे धुतो" असंच म्हणतो. वडीलही हेच करायचे. खाली दुकान, वर घर, मधे अरुंद लाकडी जिना. खाली बॉयलर पेटला की वरच्या खोलीची फरशी कोमट होते, आणि थंडीत दादाच्या दोन्ही मुली त्या फरशीवर पालथ्या पडून अभ्यास करतात. निदान पुस्तकं तरी उघडी असतात.

दुकानात आम्ही तिघं. डाग काढणं दादाकडे, इस्त्री माझ्याकडे, आणि तुटलेली बटणं, उसवलेल्या शिवणी, रफू हे सगळं वहिनीकडे. मी लग्न केलं नाही. मुली मला आत्या म्हणतात आणि आईनं नाही म्हटलं की माझ्याकडे येतात, तेवढं मला पुरतं.

दादाला डाग वासावरून कळतो. कॉलर नाकाशी धरली की सांगणार, "हे तेल आहे, पण स्वयंपाकाचं नाही, सायकलच्या साखळीचं." गिऱ्हाईक चकित होतं आणि दादा खूश होतो, एवढाच त्याचा गर्व. आणि एक त्याची सवय आहे. डाग काढायचं नवं औषध तो कपड्याला एकदम लावत नाही. आधी कपडा उलटा करायचा, आतल्या शिवणीजवळचा, कोणाच्या नजरेला पडणार नाही असा कोपरा शोधायचा, तिथं काडीनं एक थेंब टाकायचा, पांढऱ्या फडक्यानं टिपायचं आणि थांबायचं. फडक्याला रंग लागला नाही तरच पुढं जायचं. तरुणपणी एकदा घाईत हे राहिलं आणि एका गिऱ्हाइकाचा निळा कोट पाठीवर पांढराफटक पडला. दुधानं तोंड पोळलं, तेव्हापासून दादा ताकही फुंकून पितो. घरात नवा साबण आणला तरी पहिला त्याच्या मनगटाला लागतो.

मोठ्यांसाठी करोनाची लस आली तेव्हाही त्यानं हेच केलं. "आधी मी घेतो. तुम्ही दोघी थांबा. मला काही झालं नाही तर तुम्ही घ्या."

वहिनी म्हणाली, "आणि झालं तर?"

"तर तुझ्या वन्संना डाग काढायला शिकव," असं माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला आणि गेला. परत आल्यावर रोज सकाळी आरशासमोर जीभ काढून बघायचा. दोन आठवडे असे गेले, मग त्यानं आम्हाला परवानगी दिली. आम्ही हसलो तेव्हा. पण माणूस स्वतः पुढं होतो, हे मला आवडलं होतं.

लस येण्याआधीच आजार आमच्या घरातून फिरून गेला होता. दादाचा वास गेला. कित्येक महिने तो कॉलर घेऊन माझ्याकडे यायचा, "बघ गं, काय आहे हे?" मला कसलं कळतंय. मी शाईला औषध म्हणायची आणि औषधाला चहा. तो हळूच म्हणायचा, "असू दे, तू इस्त्रीच कर." पुढं वास परत आला, सगळा नाही, पण धंद्यापुरता आला. खरी परीक्षा मात्र थोरलीची झाली. तिला लहानपणापासून दमा. बाकीच्यांना ताप येऊन गेला, ती मात्र आठवडेच्या आठवडे हातात पंप घेऊन उशीला टेकून बसलेली. बरी झाल्यावरही जिना चढताना मधेच बसायची. ती बसली की खाली आमच्या तिघांचे हात थांबायचे. पुन्हा पावलं वाजली की माझी इस्त्री पुढं सरकायची.

देवानं ती आम्हाला परत दिली. मी देवाजवळ फार मागत नाही, पण तेव्हा मागितलं होतं, आणि मिळालं ते मी विसरलेली नाही.

मग मुलांसाठी लस आली. शाळेनं निरोप धाडला की आईवडिलांची हरकत नसेल तर मुलांना अमुक दिवशी शाळेच्या सभागृहात आणावं. दादा निरोप वाचून तसाच बसून राहिला.

"घेऊन टाकूया," वहिनी म्हणाली. "आपण घेतलीच ना."

"आपलं वेगळं. आपलं कापड जुनं, धुऊन धुऊन विरलेलं. त्यांचं कोरं आहे. माझ्यावर बघून त्यांचं काय कळणार?"

दुकानात येणारा जो तो आपली अक्कल ठेवून जायचा. एक बसचालक त्याच्या गणवेशाला इस्त्री करून न्यायला यायचा, तो म्हणाला, "देव तारी त्याला कोण मारी. आम्ही नाही देणार बुवा." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "देव तारतो हे खरं, पण तुम्ही ब्रेक लावताच ना?" तो हसला, गणवेश घेऊन गेला, पण त्याचं वाक्य दादाजवळ राहिलं. नको म्हणणाऱ्याचं बोलणं माणसाला जास्त वेळ ऐकू येतं.

दोन दिवसांनी जेवताना दादानं तोड काढली. "धाकटीला आधी नेऊ. ती धडधाकट आहे. थोडे दिवस बघू. तिला काही झालं नाही की मग थोरलीला."

वहिनीचा हात ताटातच थांबला. "म्हणजे धाकटी तुमचा कोपरा."

"तसं कोण म्हणालं?"

"तुम्हीच म्हणालात आत्ता."

दादा गडबडला. खरंच त्याच्या मनात ते तसं आलं नव्हतं. जन्मभराची सवय, हात आपसूक कपडा उलटा करतो तसं त्याचं मन चाललं होतं. "बरं, मग थोरलीला आधी नेऊ. दमा तिला आहे, गरज तिला जास्त."

"म्हणजे थोरली कोपरा." वहिनी एरवी आवाज चढवत नाही, तेव्हाही चढवला नाही. "अहो, भात शिजला का बघायला आपण एक शीत चेपतो. चेपलेलं शीत पुन्हा भात होतं का? माझ्या दोघींतली शीत कोण, ते तुमच्या तोंडानं सांगा. मग मी नेते."

दादा ताटावरून उठला. वहिनीनंही मग काही खाल्लं नाही. मी एकटीच जेवत राहिले, कारण कोणीतरी जेवल्यासारखं दिसायला हवं होतं.

मुलींनी पलीकडून सगळं ऐकलं होतं. सकाळी जिन्यावर त्यांची जुंपली.

"मी मोठी आहे, मी आधी."

"तुला कशाला? गणिताचा पेपर माझा आहे. ताप मला यायला हवा."

"तुला ताप न येताही नापासच व्हायचंय."

"आत्या, बघ ना गं हिला."

मला हसू आलं. दादा मात्र खाली हातात कोट धरून नुसता उभा होता.

शाळेनं लशीसाठी दिलेला पहिला दिवस असाच हुकला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी दादाची गत. शिवणीवर थेंब टाकायचा आणि टिपायचं विसरायचा. मी मागून जाऊन फडकं लावायची. तेवढ्यात थोरलीच्या वर्गात दोघं आजारी पडली, आणि एका सकाळी ती खोकली. साधाच खोकला होता, थंडीचा. पण तिघांचे हात पुन्हा थांबले, आणि वहिनीनं दादाकडे असं बघितलं की त्यानं मान खाली घातली.

त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्या मुलांच्या डॉक्टर, थोरलीच्या दम्याचं औषधपाणी पहिल्यापासून त्याच बघतात, आणि त्यांचे पांढरे कोट आमच्याकडे येतात. वहिनीनं दातात धरलेली सुई काढली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "डॉक्टर, मुलांना या लशीनं काही होतं का? खरं सांगा."

"होतं," त्या म्हणाल्या. "हात दुखतो, ताप येतो, अंग मोडून येतं. एक-दोन दिवसांत जातं. फार थोड्यांच्या हृदयाला सूज येते, त्यातही वयात आलेल्या मुलग्यांना जास्त. बहुतेक मुलं बरी होतात. पण छातीत दुखलं, धाप लागली तर घरी थांबायचं नाही, लगेच आणायचं. आणि तीच सूज आजारानंही येते, जास्त वेळा येते, हेही लक्षात घ्या. तुमच्या थोरलीनं तर घ्यावीच असं मला वाटतं. पण मुली तुमच्या आहेत."

"तुम्ही तुमच्या मुलाला दिली?" दादानं विचारलं.

"दिली. आदल्या दिवशी माझ्याही घशाखाली घास उतरत नव्हता. डॉक्टर असले तरी आईच आहे ना."

ते ऐकून दादा जरा मोकळा झाला. कोट काउंटरवर पसरवत म्हणाला, "मला एवढंच सांगा. कोणावर तरी आधी बघितलं असेलच ना? मुलांवर म्हणतोय, माझ्यासारख्या थोराड माणसांवर नाही."

"बघितलं ना. मोठ्यांचं झाल्यावर मुलांवरच बघितलं. तुमच्या मुलींच्याच वयाच्या. आईवडिलांनी होकार दिला, मुलांनीही दिला. कित्येक महिने त्यांना तपासत राहिले. मग बाकीच्यांना द्यायला लागले, ते आता जगभर कोट्यवधी मुलांना देऊन झालंय."

दादानं विचारलं, "कोणाची होती ती पोरं?"

"तुमच्या-आमच्यासारख्यांची."

"नावं?"

"नावं बाहेर सांगत नाहीत."

त्यानं कोट उचलला आणि सवयीनं उलटा केला, पण बघितलं कशाकडेच नाही. "मी आपला समजत होतो, आपण पहिले आहोत," तो वहिनीला म्हणाला. "आपण तर पार मागे उभे आहोत गं. पुढं कोणाकोणाची लेकरं उभी राहून गेली, आणि मी इथं दोघींतली एक निवडत बसलोय."

वहिनीनं सुईत दोरा ओवला, तोही पहिल्या फटक्यात. बऱ्याच दिवसांनी असं झालं होतं.

रात्रीच्या जेवणाला दादानं सांगून टाकलं, "दोघी एकदम."

"एकदम म्हणजे?"

"एकदम म्हणजे एकदम. मागं-पुढं नाही."

हा माणूस बोलतो ते करतो. पुढच्या खेपेला शाळेच्या सभागृहात दोन टेबलं मांडलेली होती. एकापाशी वहिनी थोरलीला घेऊन बसली, दुसऱ्यापाशी दादा धाकटीला घेऊन. मी दोघांच्या मधे पिशव्या धरून. परिचारिका धाकटीच्या दंडाला कापूस लावते न लावते तोच दादा म्हणाला, "जरा थांबा बाई. तिकडची तयार होऊ दे."

"का हो काका? शर्यत आहे? शिट्टी वाजवू?"

मागच्या रांगेत हशा पिकला. दादाचे कान लाल झाले, पण तो हटला नाही. "एकाच वेळी द्या दोघींना. एवढं करा माझ्यासाठी."

त्या बाईंनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं. काय कळलं त्यांना देव जाणे, पण पुढं चेष्टा केली नाही. पलीकडच्या टेबलापाशी बसलेल्या परिचारिकेकडे मान वळवून म्हणाल्या, "झालं का गं तुझं? मी म्हटलं की टोच." धाकटीनं डोळे गच्च मिटले. थोरली सुईकडेच बघत राहिली. आणि दोघींना खरंच एकदम दिली.

मग बाकावर बसून राहायचं होतं, कोणाला काही त्रास होतो का बघायला. दादा दोघींच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीनं असा बघत होता की शेवटी थोरलीच म्हणाली, "बाबा, आमचा रंग नाही जात." वहिनी तोंडाला पदर लावून हसली. हसता हसता तिचे डोळे भरले ते मी बघितलं, आणि दुसरीकडे पाहिलं.

धाकटीची इच्छा देवानं ऐकली. दुसऱ्या दिवशी तिला चांगलाच ताप भरला. पण अर्धा वर्गच तापानं घरी म्हणून शाळेनं पेपरच पुढं ढकलला, तेव्हा तिला ताप वाया गेल्याचं फार दुःख झालं. थोरलीचा फक्त हात दुखला. दादा दिवसभर पाणी प्यायचं निमित्त करून वर-खाली करत होता. वहिनी शिवता शिवता म्हणाली, "आज तहान फार लागलीये कोणाला तरी."

"बॉयलरची धग आहे."

"बॉयलर बंद आहे."

तो पुन्हा वर गेला.

आठवड्यानं डॉक्टरीणबाई कोट न्यायला आल्या. दादानं कोट हातात दिले आणि काउंटरवरचा हात तसाच ठेवून उभा राहिला. "डॉक्टर, त्या आधीच्या मुलांच्या आईवडिलांना काही कळवता येतं का?"

"काय कळवायचंय?"

"आमच्या दोघी बऱ्या आहेत, एवढंच."

बाई हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही हो. तशी काही सोय नाही."

"असायला हवी होती," दादा म्हणाला, आणि पुढच्या कपड्याकडे वळला.

तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही. मी मात्र रोज सकाळी दुकान उघडण्याआधी थोडा वेळ देवासमोर बसते. दादा, वहिनी, दोन्ही मुली, अशी घरची नावं घेते. तेवढ्यानंच भागायचं पूर्वी. आता त्यानंतर जरा थांबते आणि त्या परक्या मुलांसाठी, त्यांना हात धरून नेणाऱ्या त्यांच्या आईबापांसाठी हात जोडते. नावं मला माहीत नाहीत. ज्याला सांगायचं त्याला ती माहीत आहेत.